अडीच टक्क्यांची ट्यूब

रविवारी दुपारी दोनला मिर्ताचा फोन यायचा. स्पेनमध्ये, मालागा शहरात, ती एका पंचाऐंशी वर्षांच्या बाईंना सांभाळायची. रविवारी बाईंची भाची त्यांना तासभर समुद्रावर फिरवून आणायची, तेवढा तास मिर्ताचा स्वतःचा. इकडे समुद्रापलीकडे, कोरोनेल बोगादो या गावात, तिचा नवरा फेर्मीन ओर्तिगोसा जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा आणि मुलीला हाक मारायचा. तीन वर्षं हा नेम चुकला नव्हता.

त्या वर्षी ऑगस्टपासून मात्र नोएलिया टेबलाशी यायची बंद झाली. आपल्या खोलीतून, स्वतःच्या फोनवरून ती आईशी बोलायची, आणि तिच्या बाजूचा पडदा काळा असायचा.

"कॅमेरा बिघडलाय गं मम्मी."

"मग दुरुस्त करून घे ना. पापाला सांग."

"सांगितलंय."

तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं. फेर्मीन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हे ऐकायचा. कॅमेऱ्याला काय झालंय ते त्याला ठाऊक होतं. नोएलिया सोळा वर्षांची. जूनमध्ये तिच्या कपाळावर दोन-चार मुरुमं उठली, जुलैत ती गालांवर उतरली, आणि आता जबड्याखाली दोन टणक गाठी आल्या होत्या. हात लागला की ती कळवळायची. कपाळ झाकावं म्हणून तिनं पुढचे केस पार भुवयांपर्यंत वाढवले होते. जेवताना मान खाली घालून बसायची आणि बापाचं जेवण व्हायच्या आत उठायची.

चेहरे हा तर फेर्मीनचा धंदाच. बसथांब्यासमोर त्याचं सलून होतं, वीस वर्षांचं. कुणाच्या गालावर कुठे तीळ आहे, कुणाची दाढी कुठल्या बाजूला उलटी वाढते, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याचा स्वतःचा चेहरा मात्र कपाळापासून गळ्यापर्यंत खड्ड्यांनी भरलेला होता. शाळेत पोरं त्याला किसणी म्हणायची. ते नाव पुढे बोगादोत इतकं रुळलं, की निम्म्या गिऱ्हाइकांना त्याचं खरं नाव पाटी वाचून कळायचं. त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निदान तो तसं समजत होता.

न्हाणीघरातल्या खिडकीत दर आठवड्याला नवी बाटली दिसायची. जर्दाळूच्या बियांचा चुरा घातलेला साबण, कोळशाचा काळा लेप, नाकाशी धरलं तरी डोळ्यांत पाणी आणणारं एक निळं पाणी. शेजारी अर्धं पिळलेलं लिंबू. एका सकाळी फेर्मीनला उशीवर वाळलेली टूथपेस्ट सापडली, पांढऱ्या कवड्यांसारखी. त्यानं ती झटकली आणि उशीचा अभ्रा बदलला.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी तो तिचे धुतलेले कपडे घड्या घालून खोलीत ठेवायला निघाला. दार लोटलेलं होतं. आत ती यानिनाशी, तिच्या वर्गातल्या मैत्रिणीशी, फोनवर बोलत होती.

"काही उपयोग नाही गं. हे आमच्या रक्तातच आहे. पापाकडे बघ ना. मम्मी डिसेंबरमध्ये येईल तेव्हा तिला घरात दोन पापा दिसतील." ती हसली, पण ते हसणं पुरतं झालंच नाही.

फेर्मीननं कपडे बाहेरच्या खुर्चीवर ठेवले आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला. मुलीचा राग आला नाही त्याला. तिला आपला चेहरा मिळेल ही भीती तिच्या जन्माच्या दिवशी त्यालाही वाटली होती, आणि ती त्यानं कुणालाच, मिर्तालाही, सांगितली नव्हती.

सोमवारी सलून बंद असायचं. सकाळीच तो औषधाच्या दुकानात गेला. दुकान दोन्या निल्दाचं, म्हणजे निल्दाबाईंचं. साठीची बाई, साखळीला अडकवलेला चष्मा, आणि गल्ल्याशेजारी कायम तेरेरेचा, गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या चहाचा, पेला. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तिचा घोट संपल्याशिवाय ती बोलायची नाही.

"मुरुमांवर काही आहे का?" फेर्मीननं विचारलं. "गिऱ्हाइकासाठी हवंय."

निल्दानं नळीतून शेवटचा घोट ओढला. "किती वयाचं गिऱ्हाईक?"

"असेल सोळा."

"तुझ्या घरात राहतं का?"

फेर्मीननं टोपी काढली आणि परत घातली.

"कडक काहीतरी द्या, दोन्या निल्दा. सगळ्यात कडक."

"कडक कशाला? भांडी घासायचीत का?" ती गल्ल्यामागून बाहेर आली आणि त्याला एका फळीपुढे घेऊन गेली. फळीवर रंगीत बाटल्यांची गर्दी होती. "ही फळी बघ. यातला निम्मा माल आशेवर विकला जातो."

"मग तुम्ही ठेवता कशाला?"

"लोक मागतात. मी ठेवलं नाही तर पुढच्या कोपऱ्यावर घेतील, आणि तिथं त्यांना कुणी काही सांगणारही नाही." तिनं मागच्या बाजूनं एक साधी पांढरी ट्यूब काढली. "हे खरं औषध. बेन्झॉइल पेरॉक्साइड. अडीच टक्के."

"यात दहा टक्क्यांचं येत नाही?"

"येतं. दहानं कातडी चौपट सोलवटते, मुरुमं काही चौपट जात नाहीत. अडीच बहुतेकांना पुरतं."

"मग किती दिवसांत?"

"दिवस विचारू नकोस, आठवडे विचार. सहा-आठ आठवड्यांनी फरक दिसायला लागतो. बारापर्यंत धीर धरावा लागतो. आणि सगळं जाईल असं मी कबूल करणार नाही. बऱ्याच पोरांचं निम्म्याच्या वर उतरतं, काहींचं नाही उतरत." तिनं ट्यूब परत फळीवर ठेवली. "आणि तिला पाहिल्याशिवाय मी ही देणारही नाही. घेऊन ये तिला."

हे सांगायला सोपं होतं. औषधाच्या दुकानाचं नाव काढताच नोएलियानं खोलीचं दार लावून घेतलं. मंगळवारी संध्याकाळी फेर्मीननं शेवटचं गिऱ्हाईक वाटेला लावलं, शटर निम्मं खाली ओढलं आणि घरी येऊन तिच्या दारावर टकटक केलं.

"चल, केसांची टोकं कापून देतो. दुतोंडी झालीत."

"पुढचे नाही कापायचे."

"पुढच्यांना हात लावणार नाही."

सलूनमध्ये त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची गर्रकन फिरवून तिची पाठ आरशाकडे केली. ते तिच्या लक्षात आलं. तिचे खांदे जरा सैल पडले. त्यानं केस ओले केले, फणी फिरवली, टोकं कापायला सुरुवात केली. निम्मी टोकं कापून झाली.

"परवा मी ऐकलं," तो म्हणाला. "यानिनाशी बोलत होतीस ते."

ती ताठ झाली. "काय ऐकलंस?"

"दोन पापा."

नोएलियानं अंगावरच्या कापडाखाली दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कापड हलायला लागलं. फेर्मीननं कातरी ठेवली, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला.

"पापा, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं होतं. आणि त्यात काही खोटं नाही. पण तुझी एक समजूत चुकीची आहे, तेवढी सांगू दे." त्यानं तिचा हात कापडाखालून बाहेर काढला आणि तिचं बोट आपल्या गालावरच्या सगळ्यात खोल खड्ड्यावर ठेवलं. लहान असताना ती तिथं बोट घालून खेळायची. मग कधीतरी ते थांबलं होतं. "हे सगळं मुरुमांनी केलेलं नाही. बरंचसं मी केलंय. नखांनी. तुझी आजी लिंबू चोळून मला उन्हात मक्याच्या शेतात पाठवायची. कातडी भाजायची. मी तुरटी घासायचो, नाहीतर फुटक्या आरशासमोर बसून एकेक फोडायचो. पू व्हायचा. कुणाला विचारायची लाज वाटायची. तीन वर्षं असं एकट्यानं केलं."

नोएलिया नाक पुसत ऐकत होती.

"तुझी मम्मी पहिल्यांदा भेटली ना, तेव्हा मी सबंध वेळ गालावर रुमाल धरून बोलत होतो. तिला वाटलं माझी दाढ दुखतेय. दुसऱ्या दिवशी लवंगा घेऊन आली."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? चघळल्या. चार दिवस चघळत होतो. जीभ बधिर झाली."

ती रडता रडता हसली. फेर्मीननं टॉवेलनं तिचं तोंड टिपलं, दाबून नाही, हलकेच, जसं दाढी झाल्यावर म्हाताऱ्यांचं टिपायचा.

"तुझं काय होईल मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "रक्तात थोडं असेलही. पण तुला एकटीनं करायचं नाही."

बुधवारी शाळा सुटल्यावर ते दोघं दुकानात गेले. निल्दानं हात धुतले, नोएलियाच्या कपाळावरचे केस स्वतःच्या पिनेनं वर अडकवले आणि तिला दाराशी उजेडात नेऊन नीट पाहिलं. कीव नाही, घाई नाही. कापड विकत घेताना बाया पोत पाहतात तसं पाहिलं.

"हे लाल, हे पांढऱ्या तोंडाचे, हे काळे ठिपके, हे माझ्या हद्दीतलं. जबड्याखालच्या या दोन गाठी माझ्या नाहीत. त्या खोल आहेत, त्यांना ट्यूब पोचत नाही. त्यासाठी एन्कार्नासियोनला त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घ्या. सरकारी दवाखान्यात रांग मोठी आहे, म्हणून आजच फोन लावा."

मग तिनं कागदावर लिहून दिलं. रात्री साध्या साबणानं तोंड धुवायचं, घासायचं नाही. कोरडं झालं की मटाराच्या दाण्याएवढं मलम, फोडाफोडावर नाही, सगळ्या भागावर पातळ. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज. वर हलकं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन.

"आधीच तेलकट चेहरा, त्यावर अजून क्रीम?" नोएलिया पहिल्यांदाच बोलली.

"औषध कातडी सुकवतं. सुकली की तू ते सोडून देशील. सोडू नयेस म्हणून क्रीम."

"आणि बाकीच्या बाटल्या?"

"फेकून दे. लिंबू मासळीवर पीळ." निल्दा फेर्मीनकडे वळली. "आणि तू. रोज तिच्या तोंडाकडे बघून ‘फरक पडला का’ विचारायचं नाही. दोन महिने तू आंधळा."

दवाखान्यानं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. चेहरा लालसर झाला, ओठांच्या कडेला पापुद्रे सुटले, आणि मुरुमं होती तिथंच होती. वर्गातल्या एका पोरानं तिला विचारलं, उन्हात झोपली होतीस का. फेर्मीन आंधळ्यासारखा वागत राहिला. समोर बसून मांडिओकाचे कंद सोलायचा आणि फुटबॉलबद्दल बोलायचा, ज्यातलं तिला काही कळत नव्हतं. तिचा निळा टॉवेल जागोजागी पांढरा पडला. औषध कपड्याचा रंग खातं हे निल्दा सांगायला विसरली होती. त्यानं सलूनमधले चार पांढरे टॉवेल घरी आणून तिच्या खुंटीला अडकवले.

चौथ्या रविवारी मिर्तानं तिकीट काढल्याचं सांगितलं. वीस डिसेंबर. ते ऐकून नोएलियानं त्याच रात्री मटाराच्या दाण्याएवढ्याऐवजी निम्मी ट्यूब तोंडाला फासली. सकाळी तिचे गाल भाजल्यासारखे सुजले होते. फेर्मीननं पांढरा टॉवेल गार पाण्यात बुडवून तिच्या तोंडावर ठेवला आणि सलूनच्या दारावर ‘अकरानंतर’ अशी चिठ्ठी लावून तिच्याजवळ बसला.

"रागव ना," ती टॉवेलखालून म्हणाली.

"तुझ्या वयात मी मुरुमांना वस्तरा लावला होता. मी कुठल्या तोंडानं रागावू?"

रागवायचं काम निल्दानं केलं आणि चार दिवस सगळं बंद ठेवायला लावलं. पाचव्या दिवशी पुन्हा एक दिवसाआडपासून सुरुवात झाली. यावेळी नोएलिया मलम बोटावर घेऊन बापाला दाखवायची, आणि तो मान हलवायचा. एवढंच त्यांचं त्याबद्दल बोलणं.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका दुपारी जेवताना ती आपणहून म्हणाली, "या आठवड्यात कपाळावर नवं काही आलं नाही."

"हं," फेर्मीन म्हणाला आणि आणखी भात वाढून घेतला. काही जास्त बोललो तर ते उडून जाईल असं त्याला वाटलं. जेवण झाल्यावर त्यानं सलूनमध्ये जाऊन दोघा म्हाताऱ्यांची दाढी फुकट केली.

डिसेंबरात गालही निवळले. पूर्ण नाही. जुन्या मुरुमांचे तांबूस डाग राहिले होते, हनुवटीवर दर आठवड्याला एखादं नवं यायचं, आणि जबड्याखालच्या गाठी जशाच्या तशा होत्या. निल्दानं सांगितलं होतं तितकंच झालं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. नोएलिया आता बापाचं जेवण होईपर्यंत बसायची. पण कॅमेरा ‘बिघडलेला’च होता. मिर्तानंही त्याचा आग्रह सोडला होता. ती स्वतः कितीतरी महिने दिव्याकडे पाठ करून बसायची आणि तिचा चेहरा अंधारात असायचा. खोली लहान असेल, फेर्मीनला वाटायचं.

वीस तारखेला राजधानी आसुन्सियोनहून येणाऱ्या बसमधून मिर्ता उतरली, तेव्हा डांबर वितळेल असं ऊन होतं; डिसेंबर म्हणजे इकडचा ऐन उन्हाळा. रुंद काठाची टोपी, निम्मा चेहरा झाकणारा काळा चष्मा. चिपा, चीजचे छोटे पाव, विकणाऱ्या बायांच्या टोपल्यांमधून वाट काढत नोएलिया तिच्यापर्यंत पोचली आणि दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. नोएलियानं तोंड आईच्या खांद्यात खुपसलं होतं. फेर्मीन दोन्ही बॅगा हातात घेऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

घरी पंख्याखाली बसल्यावरही मिर्ता चष्मा काढेना.

"ऊन आत आलेलं नाही," फेर्मीन म्हणाला.

"काढते रे." तिनं आधी पाणी प्यायलं. "आधीच सांगते, घाबरू नका. दोन वर्षं झाली."

तिनं टोपी आणि चष्मा टेबलावर ठेवला. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग पसरले होते, तपकिरी, नकाशासारखे. शिवाय ती थकलेली दिसत होती. फोनवर ते कधी दिसलं नव्हतं.

"बाईंच्या गच्चीवर रोज कपडे वाळत घालते. तिथलं ऊन लागलं, आणि वय, आणि काय काय म्हणाला तिथला डॉक्टर. तुम्हाला दिसू नये म्हणून दिव्याकडे पाठ करायचे. तू मोठी होत होतीस," ती मुलीला म्हणाली, "आणि मला वाटायचं, हिच्या आठवणीत मी आधीचीच राहू दे."

नोएलिया तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं कपाळावरचे केस दोन्ही हातांनी मागे घेतले आणि तसेच धरून ठेवले.

"माझा कॅमेरा चांगला आहे, मम्मी."

मिर्तानं तिचं कपाळ पाहिलं, डाग पाहिले, जबड्याखालच्या गाठी पाहिल्या. खुर्ची पुढे ओढून तिनं मुलीचे केस स्वतःच्या हातात घेतले.

"कधीपासून?"

"जूनपासून. आता खूप बरं आहे. आधीचं तू पाहिलं नाहीस."

"पाहायला हवं होतं," मिर्ता म्हणाली. "मला पाहायचं होतं." आणि मग ती रडली, तीन वर्षांचं. फेर्मीन उठून स्वयंपाकघरात गेला आणि गरज नसताना बर्फ फोडत राहिला. थोड्या वेळानं बाहेर आला तेव्हा नोएलिया आईला खिडकीपाशी उजेडात उभं करून तिचे गाल निरखत होती आणि सनस्क्रीन दिवसातून किती वेळा लावतेस, असं दरडावून विचारत होती.

जानेवारीत तिघं एन्कार्नासियोनला गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी आधी विचारलं की आजवर काय काय लावलं, आणि नोएलियानं निळ्या पाण्यापासून टूथपेस्टपर्यंत सगळं सांगितलं. ट्यूब चालू ठेवायची, त्या म्हणाल्या, तिनं तिचं काम केलंय. गाठींसाठी आणखी एक मलम आणि काही महिने गोळ्या. डाग हळूहळू फिके होतील.

"खड्डे राहतील?" नोएलियानं विचारलं.

"इथं जबड्याशी एखादा राहू शकतो. बाकी, हात लावला नाहीस तर, नाही."

"एखादा चालेल," ती थोडा विचार करून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या फेर्मीनकडे पाहिलं. "तुमच्यासाठीही आता बरंच करता येतं. पूर्ण जात नाहीत, पण उथळ होतात. विचार करा."

फेर्मीन गांगरला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं मिर्ताकडे पाहिलं. मिर्तानं खांदे उडवले.

"पापाला हवं असेल तर जरूर करा," नोएलिया चप्पल घालता घालता म्हणाली. "पण मला विचाराल तर नको. कुणी भलताच माणूस पापा म्हणून घरी आला तर मी दार उघडणार नाही."

फेर्मीन खोकला. खिशात रुमाल शोधला, तो सापडला नाही, आणि औषधांची चिठ्ठी घेऊन तो सगळ्यांच्या आधी बाहेर पडला.

नदीकाठच्या सावलीत त्यांनी एम्पानादा, खिम्याच्या करंज्या, खाल्ल्या. परतीची बस साडेबाराला होती. मिर्ता म्हणाली, फेब्रुवारीत मी जाते, पण या वर्षीच्या अखेरीस परत येते ती कायमची, बाईंच्या भाचीला तसं सांगून ठेवलंय. फेर्मीननं विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. खूप उकडत होतं. नोएलियानं केस वर गुंडाळून बांधले आणि पाण्यात पाय सोडायला गेली. बस गेली तेव्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुढची तीनला होती.